चौथं रीळ आधी

माझे वडील पिक्चर सांगायचे. बघायचे कमी, सांगायचे जास्त. मेढ्याच्या पेठेत त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याच्या बाजूनं उघडणाऱ्या चार फळ्या, एक पायमशीन, कापड बेतायचं टेबल आणि भिंतीला लागून एक लांब बाक. त्या बाकावर कपडे टाकायला आलेली माणसं थोडी आणि पिक्चर ऐकायला आलेली फार. आबा मशीनवरून न उठता सांगत. पाठलाग सुरू झाला की त्यांचे पाय भराभरा चालायचे, प्रेमाचं काही आलं की मशीन सावकाश गुणगुणायचं, आणि खुनी दाराआड येऊन उभा राहिला की पाय जागच्या जागी थांबायचे. त्या थांबण्यात बाकावरचं कुणी खोकायचंसुद्धा नाही. लहानपणी कितीतरी दिवस माझी अशी समजूत होती की पिक्चरचं संगीत शिलाई मशीनवरच काढतात. पाठलागाच्या भरात कुणाच्या तरी लेंग्याची शिवण वाकडी जायची, गिऱ्हाईक ते हसून सोडून द्यायचं. आई मात्र सोडायची नाही. संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की ती वाकडी शिवण उसवायला घ्यायची आणि उसवता उसवता विचारायची, "आज कोन पळत होतं म्हनायचं?"

सुगी झाली, जत्रा झाली, की वेण्णेकाठच्या मोकळ्या रानात तंबूचं थेटर पडायचं. आत यंत्र एकच. त्यामुळं एक रीळ संपलं की पिक्चर थांबायचा, दिवे लागायचे, शेंगावाला आत शिरायचा आणि यंत्रवाला दुसरं रीळ चढवेपर्यंत आम्ही झालेल्या भागाचा निकाल लावून मोकळे व्हायचो. आबा दर वेळी शेंगांचा एक पुडा घेत आणि टरफलं खिशात घालत, कारण जमिनीवर टाकली तर त्यांच्यातल्या टापटीप शिंप्याला चैन पडत नसे.

त्या काळात एका हेराच्या पिक्चरनी सगळ्यांना वेड लावलं होतं. एजंट दिवाकर त्याचं नाव. सरकारी माणूस, पण सरकारात कुणाला पत्ता नाही की तो सरकारी आहे. पहिला पिक्चर एकानं काढला होता, दुसरा दुसऱ्यानंच. पहिल्यात जीपगाड्या, धुरळा आणि कान फाटतील इतक्या तुताऱ्या. दुसऱ्यात धुकं, कुजबुज आणि संगीताच्या नावाखाली नुसती एक शीळ. आमच्या तंबूत दुसरा लागला तेव्हा आबा मला घेऊन गेले. दिवे गेले आणि पडद्यावर धुक्यातला पूल आला. रेनकोट घातलेला एक माणूस पाठमोरा, शीळ घालत चाललाय. समोरून दिवाकरचा म्हातारा साहेब येतो. गोळी सुटते, साहेब कठड्यावरून खाली नदीत. तोंड काही त्या खुन्याचं दिसत नाही. मग दिवे लागले, शेंगावाला आला. आणि त्यानंतर पिक्चरच्या नावांच्या पाट्या. पाट्या संपल्या तर आरशासमोर दाढी करत उभा आहे आमचा दिवाकर, आणि तो तीच शीळ घालतोय. अख्ख्या तंबूच्या अंगावर काटा आला. माझ्या पलीकडची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ह्यानंच मारला की म्हाताऱ्याला."

पुढं तर साहेब जिवंत, कचेरीत बसून चहा पितोय. आम्हाला त्यात काही खटकलं नाही. पुढचं आधी दाखवलं आणि आता मागचं दाखवतोय, इतकं आम्हाला कळत होतं. उलट साहेब हसला की जास्त वाईट वाटायचं, कारण तो कुठं आणि कसा जाणार ते आम्ही पाहून बसलो होतो. दिवाकरनं नुसता हात खिशात घातला तरी तंबू गप्प. असं बराच वेळ ताणून धरल्यावर दिवाकरचा जिवाभावाचा मित्र खुंटीवरचा रेनकोट काढतो, अंगात घालता घालता दिवाकरकडून शिकलेली ती शीळ घालतो, आणि मग आमच्या डोक्यात उजेड पडतो. माणसं उभी राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर आबांनी ह्याशिवाय कुठलाच पिक्चर सांगितला नाही.

बारावी झाल्यावर मला कॉलेजासाठी सांगलीला आत्याकडं ठेवलं. विश्रामबागेत तिचं घर. आबांची ही थोरली बहीण, आवाजानं आणि अंगानंही थोरली, आणि तिचा भडंगाचा धंदा होता. सकाळी उठावं तर मागच्या पडवीत मोठी कढई चढलेली असायची. तेलात लसूण पडला की चुरचुर आवाज घरभर व्हायचा, मागोमाग कढीपत्ता तडतडायचा, मग तिखट, आणि आम्ही सगळे ठसका लागून अंगणात. केस, ओढणी, वह्या, सगळ्याला त्या लसणाचा वास. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी पहिल्या तासालाच भूक लागते म्हणून तक्रार करायची. आता पाकिटातलं भडंग मिळतं, छान असतं म्हणतात. मी एकदा खाल्लं. ठसका लागत नाही तर ते कशाला खायचं, मला समजलं नाही.

आत्याचा मुलगा दिलीप कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि रविवारी सकाळी त्याच्या ओसरीवर दिवाकर मंडळ भरायचं. तो, शिराळ्याचा हिंदुराव आणि सलीम, ज्याच्या घरी वाद्यं दुरुस्त करायचा पिढीजात धंदा होता. आणखीही येत-जात, पण भांडण हे तिघं चालवत. पिक्चरवाल्यांची खरी नावं त्यांना पाठ होती, तरी बोलताना पहिला तो जीपवाला आणि दुसरा तो चष्मेवाला, कारण दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये प्रत्येक जण बोलायच्या आधी चष्मा काढायचा. दिलीपदादा आणि हिंदुराव कट्टर जीपवाल्याचे. "तुतारी वाजली की खुर्चीतनं उठावं वाटतंय का न्हाई? त्याला म्हनायचं संगीत," हिंदुराव म्हणायचा. सलीम एकटा शिळेच्या बाजूचा, पण त्याचंही मन पुरतं भरत नव्हतं. "चाल लय मोठी हाय गड्या," तो म्हणायचा, "पर चष्मेवाल्यानं वाया घालवली. पहिल्याच शीनमधी दिवाकर दाढी करताना वाजवतो आन् संपलं. मग ती नुसती त्याची सवय हून बसती." मी चहा द्यायला यायची आणि ट्रे हातात घेऊन तिथंच रेंगाळायची. पहिल्याच शीनमध्ये दाढी कुठली, असं मनात यायचं, पण मेढ्याहून आलेल्या मुलीनं ओसरीवर तोंड उघडायचं नसतं हे तेव्हा मला कुणी न सांगताच माहीत होतं. आता नातवाच्या मोबाईलवर अशाच एका हेराच्या वेड्यांचा गट आहे. पुढचा भाग कुणी काढावा आणि संगीत कुणी द्यावं यावर तिथं सकाळ-दुपार हाणामारी असते. त्यानं मला त्यात घेतलंय. मी अधूनमधून एखादी काडी टाकते आणि चष्मा पुसत बसते.

दसऱ्याच्या आधी आबा मला भेटायला आले. पिशवीत मेढ्याचा तांदूळ आणि आत्यासाठी मधाची बाटली. रविवार होता, मंडळ भरलं होतं. आबांना काय, समोर माणसं आणि विषय पिक्चरचा, म्हणजे आयतंच ताट वाढलेलं. ते पायरीवर बसले आणि सांगायला लागले. पूल, धुकं, रेनकोट, शीळ. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आबांना वाटलं, रंगलंय.

"आन् मग येत्यात पाट्या," आबा म्हणाले.

"मामा, पाट्या कवा मधी येत्यात व्हय? पाट्या पयल्यांदा असत्यात," दिलीपदादा म्हणाला.

"ह्यात न्हाईत. ह्यात आधी साहेब मरतो."

"आन् मेलेला साहेब मग कचेरीत बसून चहा पितो?"

"पितो की," आबा म्हणाले. "तीच तर गंमत हाय."

हिंदुराव म्हणाला, "मामा, तंबूत जरा डोळा लागला असंल तुमचा." आणि दिलीपदादा हसत म्हणाला, "न्हाई रं, डोळा कशाला लागतोय. मामा शिंपी हायत. हा पिक्चर त्यांनी घरी शिवलाय." सगळी ओसरी खो खो हसली. आबाही हसले. मी चहाचा ट्रे घेऊन पुढं झाले. मी म्हणाले, "मीबी बघितलाय, असाच हाय." तर दिलीपदादा म्हणाला, "ऐका, शिलाई घरातल्या घरात वाटून घेतलीय." राग म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आबांनी पुढचं काही सांगितलं नाही. जेवले, आत्याच्या पाया पडले आणि दुपारच्या एसटीनं गेले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पेठेच्या तोंडाशीच मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. दुकानातून मशीनचा आवाज येत होता, पण एकाच चालीचा. थांबणं नाही, पळणं नाही. बाकावर एक गिऱ्हाईक पायजम्याची वाट बघत बसलेलं. आईनं सांगितलं, "सांगलीस्नं आल्यापास्नं बंद हाय. कुनी म्हनलं सांगा, तर म्हनत्यात, मला नीट आठवत न्हाई." शिवणी आता सरळ येत होत्या आणि उसवायला काही नव्हतं म्हणून आई नुसती बसून होती. लेंगे कसे का शिवेनात, आत्याच्या घरात खोटं बोलणारे ठरून माझे वडील इथं गप्प बसले होते, आणि ते मला सोसत नव्हतं. खोटे नव्हते ते. मी त्यांच्या शेजारी बसून बघितलं होतं.

सुट्टी संपवून परत आले तर दिवाकरचा दुसरा पिक्चर सांगलीत मॅटिनीला लागला होता. मी आत्याच्या पाठीशी लागून तिला घेऊन गेले, ओसरीवर जाऊन छातीठोक सांगता यावं म्हणून. दिवे गेले आणि पहिल्याच घासाला खडा लागला. आधी पाट्या, मग दाढी. म्हणजे पोरं खरं बोलत होती. पिक्चर सरळ पुढं चालला, मित्रानं रेनकोट काढला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका चमकून गेला, सुरुवातीपासून तिसऱ्यांदा. लगेच पूल. पूल संपला, साहेब नदीत पडला, पुन्हा कोपऱ्यात ठिपका. आत्याला मी विचारलं, हे काय आहे? तिला माहीत होतं, कारण थेटरच्या स्टॉलवर तिचंच भडंग जायचं आणि सगळ्यांशी तिची ओळख. "रीळ बदलायची खूण हाय ती," ती म्हणाली. आणि मला तंबूतला शेंगावाला दिसला. साहेब मेल्याबरोबर तो आला होता, आणि तो गेल्यावर पाट्या. यंत्रवाल्यानं चुकून चौथं रीळ सगळ्यांत आधी चढवलं होतं, एवढंच. आम्ही मेढ्याच्या सगळ्या माणसांनी ते निमूट पाहिलं, आणि चुकलंय असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण ते चुकल्यासारखं दिसतच नव्हतं. अंधारात मी आत्याचा दंड धरला आणि सगळं तिच्या कानात ओतलं. ओसरीवर काय झालं होतं तेही सांगितलं, कारण त्या वेळी ती कढईपाशी होती आणि तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

आत्या मध्यंतर होईपर्यंत थांबली. मग पदर खोचून मॅनेजरच्या खोलीत शिरली, मागं मी. चौगुले म्हणून एक पातळ मिशीचे गृहस्थ होते. "ह्या पिक्चरचा शेवटचा खेळ कवा हाय?" तिनं विचारलं. ते म्हणाले, गुरुवारी. शुक्रवारी नवीन लागतो. "मग गुरवारच्या मॅटिनीला चौथं रीळ आधी लावायचं." चौगुल्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मी पुन्हा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आवं मावशी, असं कुठं करत्यात व्हय? लोक दगड मारतील."

"मॅटिनीला लोक हायत कुठं? मी आनते लोक. माझ्या भावाला माझ्याच उंबऱ्यात पोरांनी थापाड्या ठरवलाय, आन् मी तिकडं लसूण सोलत बसले होते. हे मला झेपायचं न्हाई. रीळ तुमी लावताय का यंत्रापाशी मी जाऊ?"

चौगुल्यांनी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर त्यांनाही आतून गंमत वाटत असावी, कारण त्यांनी पुन्हा मला विचारून घेतलं की पुलाच्या नंतर पाट्या आणि मित्राच्या रेनकोटनंतर थेट साहेबाची प्रेतयात्रा, असंच ना.

साताऱ्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं निरोप धाडून आत्यानं आबांना बोलावलं, कारण न सांगता. मंडळालाही तिनंच फर्मान काढलं. दिलीपदादा कुरकुरला, चारदा बघितलाय म्हणाला. ती म्हणाली, "मग पाचव्यांदा बघ. डोळं झिजत न्हाईत." आबा आले ते बहिणीची तब्येत बिघडली असेल म्हणून घाबरत आले, आणि थेटरात नेतायत म्हटल्यावर अवघडले. दाराशी मंडळ बघून तर परतच फिरत होते. मी त्यांचा हात सोडला नाही. आत आम्ही सगळे एका रांगेत, मागं भडंगाच्या कामाला येणाऱ्या बायका.

दिवे गेले आणि पडद्यावर धुकं आलं. पूल. रेनकोटवाल्याची पाठ. रांगेच्या टोकाला दिलीपदादा म्हणाला, "आं? हे काय?" गोळी सुटली, साहेब पडला, आणि मग सावकाश पाट्या सुरू झाल्या. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते खुर्चीत सरळ झाले, आणि दिलीपदादाकडं न बघताच म्हणाले, "बघ, पाट्या." इतकंच. पाट्या संपल्या, आरसा आला, आणि दिवाकरनं शीळ घातली तसा सलीम ताडकन पुढं वाकला. मागच्या बायकांमधून आवाज आला, "ह्योच की गं त्यो." साहेब चहा प्यायला बसला तेव्हा थेटरात कुणी हसलं नाही. चारदा पाहिलेला पिक्चर, खुनी कोण ते पाठ असलेला, तरी हिंदुराव नखं खात होता. मित्राचा हात खुंटीकडं गेला आणि दिलीपदादाच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "आयला, हा पिक्चर असा हाय व्हय." त्या क्षणी मला जे वाटलं ते लग्नात नाही, पोरं झाली तेव्हा नाही, पहिल्या पगारालाही नाही. माझे वडील खरे होते आणि सगळं थेटर त्यांच्या बाजूनं श्वास रोखून बसलं होतं.

मध्यंतरात चौथ्या रिळाची गोष्ट मी सर्वांना सांगितली. आबांचा चेहरा जरा पडला. "म्हंजी आमच्याकडंच चुकलं होतं म्हन की," ते म्हणाले. सलीमनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "चुकलं आमच्याकडं, मामा. एकच शीळ. पुलावरनं आली की मारेकऱ्याची, आरशातनं आली की आपल्या मानसाची. संगीतवाल्यानं दिली होती बरोबर. लावायला मानूस मिळाला तुमच्या तंबूत." पुढच्या रविवारी मंडळात मतं घेतली, दिवाकर काढावा कुणी? जीपवाला पडला, चष्मेवाला पडला, मेढ्याचा तंबूवाला निवडून आला. त्याचं नाव आजतागायत आम्हाला माहीत नाही. त्या मतदानात माझंही मत धरलं, आणि मी ते ट्रे खाली ठेवून दिलं.

आबांना मात्र मत म्हणजे काही मोठी गोष्ट वाटली नव्हती. त्यांना काय हवं होतं ते दिवाकरचा तिसरा पिक्चर आला तेव्हा कळलं. तो आला पावसाळ्यानंतर, आणि आबा पहिल्याच दिवशी मुद्दाम सांगलीत येऊन पाहून गेले. थेटराला तोबा गर्दी, निम्म्या विश्रामबागेला तिकीट मिळालं नव्हतं. रविवारी ओसरी भरली, अंगण भरलं, बायका खिडकीत. दिलीपदादानं स्वतः घरातून खुर्ची आणून ठेवली, पण आबा पायरीवरच बसले. त्यांनी सुरुवात केली ती एका जळत्या बंगल्यापासून. मी पिक्चर पाहिला होता. बंगला जळतो तो पार शेवटाकडं. मला क्षणभर धसका बसला, मग माझ्या लक्षात आलं की ह्यावेळी कुठलाही यंत्रवाला चुकलेला नाही. आबा विचार करून, मापं घेऊन, तुकडा उचलून पुढं जोडत होते. अंगणातले लोक पुढं सरकले होते. तेवढ्यात मागून कॉलेजातलाच एक पोरगा म्हणाला, "आवं असं न्हाई ते. मी बघितलाय, बंगला शेवटाला जळतो."

आबा थांबले. मी दिलीपदादाकडं बघितलं. तो पिक्चर त्यानं तोवर दोनदा पाहिला होता.

"खाली बस," दिलीपदादा त्या पोराला म्हणाला. "मीबी बघितलाय. असाच हाय. सांगा, मामा."

आणि आबांनी पुढं सांगायला घेतलं.